मरुभूमीचा भगीरथ

सीतापुऱ्यात स्थिरावलेल्या आम्हां मराठी कुटुंबांना पाण्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. जयपूरची तहान आज बव्हंशी टोंक जिल्ह्यातील बिसलपूर धरणातून आणलेल्या बनास नदीच्या पाण्यावर भागते. दूरची नदी तहानलेल्या मुलखाकडे वळविण्याची गोष्ट निघाली, की या भूमीत स्मरण होते ते बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांचे.

१८८० साली जन्मलेले गंगासिंह बालवयातच गादीवर आले. १८९८ मध्ये राज्यकारभार हाती येतो न येतो तोच, १८९९ साली, ‘छप्पनिया’ दुष्काळ कोसळला. माणसे व गुरे तडफडून मेली. महाराजांनी दुष्काळी कामे काढून प्रजेला आधार दिला. परंतु तेवढ्याने वाळवंट भिजत नाही, हे त्यांनी ओळखले.

पुढे सतलजचे पाणी आणण्याची योजना आखली गेली. पण नदी पंजाबातली, आणि खालच्या बहावलपूर संस्थानाचा विरोध. वाटाघाटींत एका तपाहून अधिक काळ गेला. अखेर १९२० मध्ये तिघांचा करार झाला. १९२५ च्या डिसेंबरात कोनशिला बसली आणि १९२७ च्या ऑक्टोबरात गंगनहर वाहू लागली. वाळूने पाणी शोषू नये म्हणून मुख्य कालव्यास पक्के अस्तर केले होते.

१९४३ मध्ये मुंबईत त्यांचे देहावसान झाले. श्रीगंगानगरची हिरवी शेते हेच त्यांचे स्मारक होय. नदी वळविण्यापूर्वी माणसांची मने वळवावी लागतात. बनासचे पाणी पिताना तिच्या काठच्या शेतकऱ्याचे स्मरण आम्ही ठेवावे, हाच या चरित्राचा बोध.