व्याकरणापायी सुटलेला झगा

श्रद्धा सुटण्याची जी कारणे एरवी कानावर येतात ती मोठी असतात. घरात अवेळी मृत्यू होतो, एखादा धर्मगुरू वाईट वागतो, लढाईत गाव बेचिराख होते. एर्नेस्त रेनाँ या फ्रेंच माणसाची कॅथलिक श्रद्धा सुटली ती हिब्रू भाषेचा अभ्यास करताना. ही हकिकत प्रथम वाचली तेव्हा मला चमत्कारिक वाटली होती. आता ती फार जवळची वाटते. का, ते पुढे सांगतो.

आपल्याकडे रेनाँचे नाव ज्यांनी वाचलेले असते त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे वाचलेले असते. १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिलेल्या पुस्तकात बाबासाहेबांनी रेनाँच्या १८८२ सालच्या सोर्बोनमधल्या व्याख्यानाचा आधार घेतला आहे. राष्ट्र घडायचे तर लोकांना काही गोष्टी एकत्र आठवाव्या लागतात आणि काही विसराव्या लागतात, हा त्या व्याख्यानातला गाजलेला मुद्दा. गंमत अशी की, हे सांगणाऱ्याला स्वतःला आपले बालपण जन्मभर विसरता आले नाही.

ते बालपण त्रेगिए गावातले. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी प्रांत आहे, तिथल्या खाडीकाठचे हे लहानसे गाव. गावाच्या मानाने कॅथीड्रल अवाढव्य. रोजच्या बोलण्यात ब्रेतोन भाषा, आणि संत-सिद्धांच्या कथा तर घरच्या माणसांच्या असाव्यात तशा प्रत्येकाच्या तोंडी. रेनाँचा जन्म इथे १८२३ साली झाला. वडील लहानशा गलबताचे कप्तान. १८२८ साली एकदा गलबत परत आले, कप्तान आला नाही. मागे राहिले ते कर्ज, विधवा आई आणि तीन मुले. आईने पाच वर्षांच्या एर्नेस्तला संत ईव्हच्या देवळात नेले आणि आजपासून तूच याचा पालक, असे संताला सांगून ती मोकळी झाली. संत ईव्ह हा वकिलांचा आणि गोरगरिबांचा कैवारी.

प्रत्यक्षात पालक झाली ती थोरली बहीण आंरिएत. ती त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. तिने गावात मुलींची शाळा काढून पाहिली, ती चालली नाही. लग्नाची मागणी आली ती नाकारली. पॅरिसला जाऊन तिने शिक्षिकेची नोकरी धरली, आणि १८४१ मध्ये थेट पोलंडला एका सरदार घराण्यातल्या मुलींना शिकवायला गेली. तिथे दहा वर्षे राहून तिने वडिलांचे कर्ज फेडले आणि धाकट्या भावाला पैसे पाठवले. रेनाँच्या चरित्रातले खरे मोठे माणूस कोण, असे कोणी विचारले तर मी आंरिएतचे नाव घेईन.

१८३८ साली गावच्या धार्मिक शाळेतली सगळी बक्षिसे या मुलाने पटकावली. बहिणीच्या ओळखीतून ही बातमी पॅरिसमधल्या फादर द्युपाँलूंच्या कानावर गेली आणि पंधरा वर्षांचा एर्नेस्त पॅरिसला त्यांच्या सेमिनरीत दाखल झाला. तिथून तत्त्वज्ञानासाठी इस्सी, आणि मग धर्मशास्त्रासाठी सँ-सुल्पीस. धर्मगुरू होण्याखेरीज दुसरा विचार त्याच्या किंवा आईच्या मनात कधी आला नव्हता.

सँ-सुल्पीसमध्ये फादर ल इर हे हिब्रू शिकवीत. मोठे पंडित आणि तितकेच भाविक. त्यांच्या हाताखाली रेनाँ जुना करार मुळातून वाचू लागला, आणि तिथेच सारे बिनसले. यशया संदेष्टा हा ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला. पण त्याच्या नावावरच्या ग्रंथाच्या उत्तरार्धात इराणचा राजा कुरुश याचे नाव येते, आणि कुरुश तर सहाव्या शतकातला! ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या एखाद्या ओवीत शिवाजी महाराजांचे नाव सापडावे, असा हा प्रकार. पुढे पाहावे तर मोशेची म्हणवली जाणारी पाच पुस्तके एका हातची दिसेनात. दानीएलाचा ग्रंथ त्याच्या स्वतःच्या काळाहून कित्येक शतके अलीकडचा निघाला. शब्द, वाक्यरचना, भाषेची वळणे, सगळे एकच सांगत होते.

आज वाचणाऱ्याला वाटेल, एवढ्यावरून कोणी धर्म सोडतो का? पण त्या काळच्या चर्चची भूमिका पक्की होती: शास्त्र संपूर्ण निर्दोष आहे आणि प्रत्येक पुस्तक परंपरा सांगते त्याच लेखकाचे आहे. एक वीट हलली की भिंत गेली. रेनाँला ही भूमिका चुकीची वाटली तरी तिचा काटेकोरपणा आवडत होता. थोडे मानावे, थोडे सोडावे, बाहेर एक बोलावे आणि आत दुसरे समजावे, हा मार्ग त्याने घेतला नाही. प्रामाणिकपणा त्याला सेमिनरीनेच शिकवला होता. मात्र हेही नोंदवले पाहिजे की, तेच व्याकरण आणि तीच जर्मन पंडितांची टीका ल इर यांनाही पाठ होती, आणि ते मरेपर्यंत श्रद्धावान राहिले. तेव्हा नुसत्या व्याकरणाने काही होत नसावे.

आणखी एक गोष्ट. १९४३ साली पोप बारावे पायस यांनी एका परिपत्रकाने कॅथलिक अभ्यासकांना बायबलचा अशा पद्धतीने अभ्यास करायला मोकळीक दिली. यशयाचा उत्तरार्ध दुसऱ्या कोणाचा, हे आज कॅथलिक सेमिनऱ्यांमध्ये वर्गात शिकवतात. शंभर वर्षे उशिरा जन्मला असता तर रेनाँ एखादा विद्वान फादर झाला असता का, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

माझ्या मनात तो येण्याचे कारण घरचे आहे. आम्ही वसईचे कॅथलिक. संध्याकाळी दिवा लागला की जपमाळ, रविवारी मिस्सा, ताडपत्री घातलेल्या मांडवातले लग्न, यात वाढलो. निषिद्ध पुस्तकांची रोमची यादी १९६६ साली रद्द झाली तेव्हा मी शाळेत होतो; रेनाँचे पुस्तक त्या यादीतले, एवढेच पुढे कुतूहल म्हणून कळले. माझा धाकटा मुलगा दोन वर्षांपूर्वी मला म्हणाला की, आपला आता विश्वास उरलेला नाही, मिस्साला बसणे खोटे वाटते. मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याची पुढची अडचण मात्र मला सोडवता आली नाही. आईला हे कसे सांगायचे, असे तो विचारत होता. तेव्हापासून मी रेनाँची पुस्तके पुन्हा काढून बसलो आहे, आणि त्यात शोधतो आहे ते यशयाचे व्याकरण नव्हे, तर या आईचे काय झाले ते.

रेनाँने १८४३-४४ मध्ये धर्मगुरूपणाच्या पहिल्या पायऱ्या घेतल्या होत्या. पुढची सबडीकनची पायरी घेतली की परतीचा रस्ता बंद, जन्मभराचे ब्रह्मचर्य आले. तिथे तो अडला. पोलंडहून आंरिएतची पत्रे येत होती. तिची स्वतःची श्रद्धा त्याच्या आधीच ओसरली होती, पण निर्णय तुझा तूच घे, एवढेच तिचे सांगणे. १८४५ ची सुट्टी त्याने त्रेगिएला आईजवळ काढली. ६ ऑक्टोबर १८४५ रोजी तो सँ-सुल्पीसच्या पायऱ्या झगा घालून शेवटचा उतरला. बहिणीने साठवलेले १२०० फ्रँक त्याच्यासाठी पाठवले होते. फादर द्युपाँलूंनीही आपली थैली पुढे केली, ती त्याने घेतली नाही. कोणी त्याला शाप देऊन हाकलले नाही.

आईला त्याने एकदम सांगितले नाही. निर्णय पुढे ढकलला आहे, अभ्यास चालू आहे, असे तो थोडे थोडे कळवीत गेला. हे भ्यालेपण की माया, हे ठरवणे अवघड आहे. तिला धक्का बसलाच. मुलगा फादर होणार हे तिचे एकमेव स्वप्न होते. पण तिने मुलाला टाकले नाही, आणि मुलाने तिला बदलायचा प्रयत्न केला नाही. आयुष्याची शेवटची वर्षे ती पॅरिसला त्याच्याच घरी राहिली. साऱ्या युरोपातल्या चर्चमध्ये ज्याच्या नावाने बोटे मोडली जात होती त्याच्या घरात ही भाविक म्हातारी त्याला ब्रिटनीतल्या जुन्या गोष्टी सांगत असे. तो त्या ऐकून लिहून ठेवी. १८६८ मध्ये ती वारली.

सेमिनरी सोडल्यावर रेनाँ एका वसतिशाळेत जेवणखाणावर मुलांची शिकवणी करू लागला. तिथे त्याला अठरा वर्षांचा मार्सलँ बेर्तलो भेटला, पुढे मोठा रसायनशास्त्रज्ञ झाला तो. ही मैत्री मरेपर्यंत टिकली. संस्कृतचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक युजीन ब्युर्नूफ यांचा त्याच्यावर खोल परिणाम झाला. १८५२ साली त्याने इब्न रुश्द या अरब तत्त्ववेत्त्यावर प्रबंध लिहिला. १८५६ मध्ये कोर्नेली शेफर या प्रॉटेस्टंट मुलीशी लग्न केले. पोलंडहून परतलेली आंरिएत तेव्हा त्याच्याबरोबर राहत होती, आणि या लग्नाने ती इतकी व्याकूळ झाली की, भावाने लग्न मोडायचे ठरवले. दुसऱ्या दिवशी तीच शेफरांच्या घरी गेली आणि लग्न जुळवून आली.

१८६० साली फ्रेंच सरकारने त्याला प्राचीन फिनिशियाच्या उत्खननासाठी लेबनॉनला पाठवले. आंरिएत बरोबर गेली. दोघे पॅलेस्टाइन हिंडले. गालीलचे डोंगर आणि तळे पाहून त्याला सुवार्ता प्रथमच जिवंत वाटली. मग लेबनॉनमधल्या गझीर गावी, फारशी पुस्तके हाताशी नसताना, तो येशूचे चरित्र लिहू लागला. तो लिही, ती पान न् पान उतरून काढी. सप्टेंबर १८६१ मध्ये अमशीत येथे दोघांनाही तापाने गाठले. तो बेशुद्ध असतानाच २४ तारखेला ती गेली. तिला तिथेच, त्या मॅरोनाइट कॅथलिकांच्या गावात पुरले.

पॅरिसला परतल्यावर कॉलेज द फ्रान्समध्ये हिब्रूचा प्राध्यापक म्हणून त्याने फेब्रुवारी १८६२ मध्ये पहिले व्याख्यान दिले. त्यात येशूला अतुलनीय माणूस म्हटले. माणूस! काही दिवसांत व्याख्याने बंद झाली. १८६३ च्या जूनमध्ये ‘येशूचे चरित्र’ प्रसिद्ध झाले, बहिणीच्या आत्म्याला अर्पण केलेले. ते प्रचंड खपले, अनेक भाषांत गेले आणि त्याच वर्षी रोमच्या यादीतही गेले. पुस्तकात चमत्कार नाहीत, पुनरुत्थान नाही. पण येशूवर जीव आहे. कडव्या नास्तिकांना तो जीवच खटकला. मला विचाराल तर त्यातले गालील जरा जास्तच गोड आहे, चित्रातल्यासारखे. पुढल्या वर्षी त्याची प्राध्यापकी काढून घेतली आणि बदल्यात ग्रंथालयात जागा देऊ केली, ती त्याने नाकारली. प्राध्यापकी परत मिळाली ती १८७० मध्ये.

इतर धर्मांकडे तो सारख्याच मायेने पाही, असे म्हणता येणार नाही. बुद्धावर आणि संत फ्रान्सिसवर त्याने आस्थेने लिहिले. अथेन्सच्या टेकडीवर उभे राहून अथेना देवीला उद्देशून त्याने प्रार्थनाही लिहिली. पण सेमाइट वंशाबद्दलची त्याची विधाने आज वाचवत नाहीत. १८८३ च्या मार्चमध्ये त्याने सोर्बोनमध्ये इस्लाम आणि विज्ञान यांचे जमत नाही, असे व्याख्यान दिले. त्याला जमालुद्दीन अफगाणी यांनी मे महिन्यात वृत्तपत्रातून उत्तर दिले: विज्ञानाची वाट अडवण्यात ख्रिस्ती धर्म तरी कुठे मागे होता? हे अफगाणी त्याआधी काही वर्षे आपल्या शेजारी हैदराबादेत राहून गेले होते, आणि तिथे त्यांनी जडवादी नास्तिकांविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. पॅरिसच्या लेखात मात्र त्यांचा सूर धर्मापेक्षा तत्त्वज्ञानाकडे झुकलेला आहे. रेनाँने दुसऱ्याच दिवशी आदराने उत्तर दिले आणि ख्रिस्ती धर्माबद्दलचा त्यांचा मुद्दा मान्य केला.

नास्तिक हा शब्द रेनाँला बरोबर बसत नाही. ठरलेला देव त्याने सोडला, पण विश्वात काहीतरी उदात्त हळूहळू आकाराला येत आहे ही आशा सोडली नाही. म्हातारपणी तो या सगळ्यावर थोडा हसतही असे. १८८३ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्याने ब्रिटनीतली ईस नगरीची दंतकथा सांगितली आहे. नगरी समुद्रात बुडाली, पण वारा पडला की तिच्या चर्चच्या घंटा कोळ्यांना पाण्याखालून ऐकू येतात. आपल्या आतही अशा घंटा वाजतात, असे तो म्हणतो. त्याच पुस्तकात त्याने बजावून ठेवले होते की, अखेरच्या दुबळेपणात आपण काही कबूल करून बसलो तर ते आपले म्हणून धरू नये.

२ ऑक्टोबर १८९२ रोजी तो वारला. अंत्यविधी सरकारी इतमामाने झाला, चर्चविना. १९०३ मध्ये त्रेगिएत कॅथीड्रलसमोरच त्याचा पुतळा बसवला, शेजारी अथेना देवी. पंतप्रधान कोंब उद्घाटनाला आले तेव्हा गावात दंगा झाला, सैन्य आणावे लागले. पुढच्याच वर्षी कॅथलिकांनी निषेध म्हणून त्याच गावात क्रूसाचे स्मारक उभारले.

रेनाँची मुलगी नोएमी वडिलांच्या मुक्त विचारांत वाढली. तिचा नवरा जाँ प्सिकारी हा ग्रीक भाषेचा पंडित. त्यांचा मुलगा एर्नेस्त, आजोबांचेच नाव लावणारा, सैन्यात गेला. आफ्रिकेच्या वाळवंटात नमाज पढणारे लोक पाहता पाहता त्याला देवाची ओढ लागली आणि १९१३ साली त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. डॉमिनिकन संघात जाऊन धर्मगुरू होण्याचे त्याच्या मनात होते. म्हणजे आजी मानोंला मुलगा सेमिनरीतून बाहेर पडताना पाहावा लागला, आणि नात नोएमीला मुलगा उलट्या दिशेने जाताना. तो झगा त्याच्याही अंगावर चढला नाही. २२ ऑगस्ट १९१४ रोजी, युद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, बेल्जियममधल्या रोसिन्योल गावी तोफेपाशी लढताना तो मारला गेला. वय तीस. मनगटाला जपमाळ गुंडाळलेली होती, असे सांगतात.