मेंदूच्या लहरी आणि हान्स बर्गर



मागच्या दिवाळीच्या कार्यक्रमानंतर पार्किंग लॉटमध्ये गप्पा मारताना आम्हा चार-पाच जणांत एका मित्राचा विषय निघाला. गडी दोन वर्षे मंडळाकडे फिरकला नव्हता. कामात असेल, असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. त्याला डिप्रेशन होते, हे पुढे त्याच्याच तोंडून कळले. आता तो बरा आहे. पण आम्हाला आमचीच लाज वाटली. मग आम्ही या आजाराबद्दल वाचू लागलो आणि वाचता वाचता हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरची गोष्ट हाती लागली. ईईजी आपल्याला ऐकून माहीत असतो, तो या माणसाने शोधला.

बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीतील कोबुर्गजवळच्या नॉइझेस गावी झाला. वडील डॉक्टर होते. आईचे वडील म्हणजे फ्रीड्रिख र्‍युकर्ट, मोठे कवी आणि पौर्वात्य भाषांचे पंडित. आपल्या महाभारतातील नल-दमयंतीची कथा त्यांनी जर्मनमध्ये आणली होती.

हान्स खगोलशास्त्र शिकायला बर्लिनला गेले, पण मन रमेना. शिक्षण सोडून ते वर्षभरासाठी सैन्यात भरती झाले. तिथे सराव चालू असताना घोडा उधळला आणि ते तोफेच्या गाड्यापुढे पडले. गाडा ऐन वेळी थांबला म्हणून जीव वाचला. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली, खुशाली विचारणारी. दूर घरी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात असल्याची हुरहूर लागली होती. आपल्या मनातली भीती तिच्यापर्यंत पोचली, असे हान्स यांनी घेतले. आम्ही याला योगायोग म्हणू. पण मनाची ऊर्जा मोजायचीच, हा ध्यास त्यांना तिथे लागला आणि तो आयुष्यभर सुटला नाही.

ते वैद्यकशास्त्राकडे वळले आणि १८९७ मध्ये येना शहरातील मनोरुग्णालयात रुजू झाले. १९१९ मध्ये त्याचे प्रमुख झाले. स्वभावाने अबोल, वक्तशीर, शिस्तीचे. दिवसभराचे काम आटोपले की आपल्या छोट्या प्रयोगशाळेत जात. तिथे काय चालते, याचा सहकाऱ्यांना फारसा पत्ता नव्हता. मेंदूतला रक्तप्रवाह मोजून झाला, तापमान मोजून झाले, पण हाती फारसे लागले नाही. बरीच वर्षे अशी अपयशात गेली.

अखेर ६ जुलै १९२४ रोजी, सतरा वर्षांच्या एका मुलावर मेंदूची शस्त्रक्रिया चालू असताना, त्यांना माणसाच्या मेंदूतील विजेची नोंद मिळाली. त्यांचा स्वतःवरच विश्वास बसेना. हा हृदयाचा किंवा स्नायूंचा सिग्नल तर नाही ना, हे तपासण्यात पाच वर्षे गेली. स्वतःच्या आणि मुलगा क्लाऊसच्या डोक्यावरही त्यांनी प्रयोग केले. १९२९ मध्ये शोधनिबंध छापला. डोळे मिटून स्वस्थ बसले की सेकंदाला साधारण दहा लहरी दिसतात, डोळे उघडले की त्या मंदावतात. त्यांनाच अल्फा लहरी म्हणतात. सुरुवातीला फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी प्रयोग करून दुजोरा दिला, तेव्हा कुठे जगाला पटले.

बर्गर यांचे आणखी एक म्हणणे होते, की स्वस्थ बसलो तरी मेंदू रिकामा नसतो. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे, तर सर्व्हर कधीच आयडल नसतो.

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही. नाझी राजवटीत बर्गर हे एसएसचे वर्गणीदार सभासद होते. सक्तीच्या नसबंदीचा निकाल देणाऱ्या न्यायालयातही ते बसत. त्या कायद्यातील आजारांच्या यादीत मॅनिक डिप्रेशनही होते. आणि उदासीनतेने ग्रासलेले तर ते स्वतःही होते. १९३८ मध्ये ते निवृत्त झाले. १ जून १९४१ रोजी, ६८व्या वर्षी, त्यांनी येनात आत्महत्या केली.

त्यांचा तो विचार मात्र पुढे खरा ठरला. १९९५ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये शिकणाऱ्या भरत बिस्वाल यांनी एमआरआय वापरून दाखवले, की माणूस नुसता पडून असतानाही मेंदूचे दूरदूरचे भाग एका तालात काम करतात. २००१ मध्ये सेंट लुईसच्या मार्कस रेकल यांनी डिफॉल्ट मोड नेटवर्कची कल्पना मांडली. आपण स्वतःविषयी विचार करत बसतो, तेव्हा हे जाळे जागे असते. डिप्रेशनमध्ये त्याच्या जोडण्या बदलतात. काही अभ्यासांत त्या जास्त घट्ट दिसल्या, तर २०१९ मध्ये चीनमधील १,३०० रुग्णांच्या अभ्यासात, वारंवार डिप्रेशन येणाऱ्यांमध्ये त्या सैल आढळल्या. २०२४ च्या एका अभ्यासात, महत्त्वाचे काय हे ठरवणारे सेलियन्स नेटवर्क बहुतेक रुग्णांत जवळजवळ दुप्पट जागा व्यापलेले दिसले.

म्हणजे हा मनाचा दुबळेपणा नाही आणि आळसही नाही. पण एका स्कॅनवरून डिप्रेशनचे निदान करता येईल, अशी सोय अजून झालेली नाही. दुसऱ्यांच्या मेंदूतली वीज कागदावर उतरवणाऱ्या बर्गर यांनाही स्वतःचे दुःख यंत्रात पकडता आले नाही. ते कळायला कोणीतरी शेजारी बसून विचारावे लागते.

तेव्हा मंडळी, यंदा गणपतीला कोणी दिसले नाही, तर कामात असेल म्हणून सोडून देऊ नका. फोन करा, चहाला घरी जा. गरज वाटली तर डॉक्टरकडे सोबत चला. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र मदत मिळते. भारतात आई-बाबांसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

आम्ही डॉक्टर नाही, साधे इंजिनियर आहोत. चूकभूल द्यावी घ्यावी.