टोपीकरांना ओळखणारा अमात्य

‘आज्ञापत्र’ आपल्याला अभ्यासात भेटतं ते जुन्या मराठी गद्याचा नमुना म्हणून. मला मात्र भाषेपेक्षा ते लिहिणारा माणूस जास्त महत्त्वाचा वाटला. तो माणूस म्हणजे रामचंद्रपंत अमात्य.

वडील निळो सोनदेव शिवाजी महाराजांच्या कारभारातले. १६७४ च्या राज्याभिषेकात रामचंद्रपंत अमात्य झाले, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचे प्रमुख. परदेशी व्यापाऱ्यांचा अनुभव राज्याला त्याआधीच आला होता. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला गेले. वखार व्यापाराची, आणि मारा गडावर! पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापुरावर छापा घालून त्यांना कैद केलं.

दुसरा धोका बिनतोफेचा होता. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बार्देशात मीठ स्वस्त मिळायचं. व्यापारी तिकडे वळले तर स्वराज्यातला मिठाचा व्यापार बसणार, म्हणून १६७१ मध्ये महाराजांनी त्या मिठावरची जकात वाढवायला लावली. मी बार्देशचीच. आमच्या गावच्या मिठाचा राजकारणाशी असा संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं.

१६८९ मध्ये संभाजी महाराज मारले गेले, राजाराम महाराज जिंजीला गेले. मागे महाराष्ट्र सांभाळला तो पंतांनी, ‘हुकुमतपनाह’ हा किताब आणि जवळजवळ राजाचेच अधिकार घेऊन. मुक्काम विशाळगड, समोर खुद्द औरंगजेब. तिजोरी रिकामी असतानाही त्यांनी संताजी-धनाजींच्या फौजा चालत्या ठेवल्या.

एवढं सगळं पाहून झाल्यावर, १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावाने त्यांनी आज्ञापत्र लिहिलं. त्यात सावकार-व्यापाऱ्यांना ते राज्याची शोभा मानतात. परदेशी व्यापारही त्यांना हवा आहे. पण टोपीकर वेगळे, कारण प्रत्येकाच्या पाठीशी एकेक राजा उभा आहे. त्यांनी यावं, माल विकावा, जावं. वखारीला जागा द्यायचीच झाली तर खाडीच्या तोंडाशी किंवा समुद्रकाठी देऊ नये, आत कुठे तरी सखल भागात द्यावी. पक्कं बांधकाम करू देऊ नये. एकदा तोफा आणि तट उभे राहिले की ती जागा आपली राहत नाही.

त्यांना आपला धर्मही इथे बसवायचा आहे, असं पंत लिहितात. कॅथलिक म्हणून मी तिथे थांबले. माझं आडनावच मुळी टोपीकरांच्या भाषेतलं! पण १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन चालू होतं, तेव्हा ही भीती उगाच होती असं मला म्हणता येत नाही. आजच्या माझ्या श्रद्धेला त्यामुळे बाधा येत नाही. जमीन बळकावायला आलेली सत्ता धर्मही हाताशी धरते, एवढंच त्यातून कळतं.

पंत १७१६ मध्ये वारले. त्यांच्या हयातीतच सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या होत्या, आणि कोल्हापुरात ताराबाईंना बाजूला सारण्यात पंतांचाही हात होता असं मानतात. टोपीकर इतके अचूक ओळखणाऱ्या माणसाला घरची फूट काही थांबवता आली नाही. आज्ञा लिहिली गेली कोल्हापुरात, पुढचे निर्णय होऊ लागले पुण्यात. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांना नमवायला पेशव्यांनी इंग्रजांचीच मदत घेतली. विजयदुर्गावर मराठी आरमार जळालं. १८०२ च्या वसईच्या तहाने इंग्रजांची फौज पेशव्यांकडे कायमची आली, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यावा लागला. १८१८ मध्ये पेशवाईच बुडाली.

पंतांना काळजी होती खाडीच्या तोंडावरच्या एका वखारीची. शंभर वर्षांत आपल्याच लोकांनी टोपीकरांना पुण्यापर्यंत आणून बसवलं.