रिपोर्टमधला गेरोटा

मागच्या सेमिस्टरला, सबमिशनच्या ऐन धामधुमीत, माझा रूममेट बाईकवरून पडला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण डावी कूस दुभाजकावर आपटली. रात्री लघवीतून रक्त आलं आणि आमच्या सगळ्या विंगची पाचावर धारण बसली. रेक्टर सरांच्या गाडीतून हॉस्पिटल, तिथे सी.टी. स्कॅन, आणि पहाटे तीनला रिपोर्ट. त्यात म्हटलं होतं की डाव्या किडनीभोवती रक्त साचलं आहे, पण ते गेरोटाच्या फॅशियाच्या आतच आहे. ती ओळ वाचून डॉक्टरांचा चेहरा सैल झाला. आमचा नाही. आम्हाला वाटलं, गेरोटा हे आणखी एखाद्या आजाराचं नाव!

डॉक्टर भला माणूस. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. किडनी पोटात नुसती लटकत नसते. तिच्या अंगाला चिकटून एक पातळ कॅप्सूल, त्याबाहेर चरबीची गादी (किडनीच्या डोक्यावरची ॲड्रिनल ग्रंथीही याच गादीत), आणि या सगळ्याला पुढून-मागून वेढणारा संयोजी ऊतींचा चिवट पडदा. तोच गेरोटाचा फॅशिया. त्याच्याही बाहेर पुन्हा चरबी. गादीत रक्त साचत गेलं, पडद्याने त्याला पसरू दिलं नाही, आतला दाब वाढला आणि त्या दाबानेच रक्तस्राव थांबला. आपल्या भाषेत, सीलने लीकेज धरलं. ऑपरेशन टळलं, पठ्ठ्याला नुसती सक्तीची विश्रांती मिळाली.

मला मात्र त्या नावाने झपाटलं. मशीन डिझाइनचं पुस्तक बाजूला ठेवून मी लायब्ररीत आणि नेटवर या गेरोटाच्या मागे लागलो.

पहिली गोष्ट म्हणजे उच्चार. माणूस रोमानियाचा, आणि तिकडे त्याला जेरोता म्हणतात. दिमित्री जेरोता यांचा जन्म 1867 सालचा, क्रायोव्हा गावचा. 1892 मध्ये बुखारेस्टहून डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणासाठी चार वर्षं पॅरिस आणि बर्लिनला गेले. त्या काळी सर्जन लोकांना सरकणाऱ्या किडनीने छळलं होतं. आपल्या जागेवरून खाली घसरलेली किडनी टाके घालून वर बांधायची ऑपरेशनं जोरात चालू होती. पण मुळात ती जागेवर राहते कशाने? श्वासाबरोबर किडनी दोन-तीन सेंटिमीटर वर-खाली होतेच, म्हणजे पक्कं बोल्टिंग नाही, आणि तरी ती पडतही नाही. हा सरळसरळ माउंटिंगचा प्रश्न. जेरोतांनी विच्छेदन करून तो सोडवायला घेतला आणि 1895 मध्ये जर्मन भाषेत निबंध छापला. त्याचा विषयच मुळी किडनीला धरून ठेवणारी रचना हा होता. मागचा पदर त्यांच्या आधी, 1883 मध्ये, झुकरकांडल यांनी वर्णिला होता. जेरोतांनी पुढचा पदर दाखवला.

याच सुमारास त्यांनी लसीकावाहिन्या दाखवण्याची पद्धत काढली. केसाहून बारीक अशा या नळ्यांत जुने शरीरशास्त्रज्ञ पारा भरत. जेरोतांनी प्रशियन ब्लू रंग, टर्पेंटाइन आणि ईथर यांचं मिश्रण भरलं. जे डोळ्यांना दिसत नाही ते दिसायला लावायचं, हा त्यांचा छंदच दिसतो.

आणि आता योगायोग बघा. निबंध छापला 1895 मध्ये, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, त्याच जर्मनीत, रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. असा माणूस गप्प बसेल? 1898 मध्ये त्यांनी रोमानियन भाषेत क्ष-किरणांवर पुस्तक लिहिलं. रोमानियाचे पहिले रेडिओलॉजिस्ट म्हणून आज त्यांचंच नाव घेतात. पण शिसं नाही, ॲप्रन नाही, डोसचं माप नाही. त्या काळी कितीतरी जण ट्यूब नीट चालते का हे आपलाच हात पुढे धरून बघत. जेरोतांची कातडी किरणांनी जळाली, जखम भरेना, शेवटी हात कापावा लागला. रेडिओलॉजी सुटली.

मला सगळ्यात लागलं ते हे, की ज्या किरणांनी हात नेला त्यांनी त्यांचा पडदा काही दाखवला नाही. साध्या एक्स-रेमध्ये हाड उठून दिसतं, हा पातळ पडदा नाही.

डॉक्टरकीबरोबर त्यांनी बुखारेस्टच्या ललित कला विद्यालयात शरीररचनाही शिकवली. तिथल्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या मार्गदर्शनाखाली 1902 मध्ये कातडी सोलल्यासारखा, स्नायू न् स्नायू दाखवणारा पुतळा केला. मेडिकलच्या मुलांना शिकवायला त्याच्या प्रती वापरल्या गेल्या. हा विद्यार्थी म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला शिल्पकार ब्रांकुशी. (इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी पुढे ज्याची शिल्पं विकत घेतली, तोच.) प्रॅक्टिकलच्या फायलीसारखं काम इतकं नावाजलं जातं, हे वाचून मला जरा हेवाच वाटला.

1939 मध्ये जेरोता बुखारेस्टला वारले. तिथे आज त्यांच्या नावाचं हॉस्पिटल आहे. जिवंत माणसाच्या पोटातला तो पडदा बारीक रेघेसारखा स्पष्ट दिसू लागला तो सी.टी. आल्यावर. 1971 मध्ये लंडनजवळ पहिल्या रुग्णाचं स्कॅनिंग झालं ते मेंदूचं, नंतर पोटाची पाळी आली. मशीन बनवणारे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते, इंजिनिअर होते! (1979 चं नोबेलही मिळालं. आमच्या ब्रँचचे नव्हेत, पण चालायचंच.) किरण तेच, फक्त अनेक कोनांतून घेतलेली मापं कॉम्प्युटरने जुळवली.

तेव्हापासून ती रेघ जाड झाली की रेडिओलॉजिस्ट सावध होतो, कारण शेजारच्या स्वादुपिंडाला सूज आली तरी ती जाडावते. किडनीचा कॅन्सर या पडद्याच्या आत आहे की तो ओलांडून गेलाय, यावर त्याची स्टेज ठरते. आणि रक्त आत आहे की बाहेर, हे आम्ही त्या पहाटे पाहिलंच.

रूममेटचा दुसरा स्कॅन महिन्यापूर्वी झाला. साचलेलं रक्त जवळजवळ जिरलंय. फिल्म मी खिडकीच्या उजेडात धरून ती रेघ शोधली, उजव्या बाजूला सापडली, डावीकडे अजून थोडी जाड होती. पठ्ठ्या म्हणतो, फिल्म ठेव आणि बाईकची चावी दे. चावी रेक्टर सरांकडे आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी