अटळ रक्तस्रावाचे मर्म जाणणारा एडवर्ड रिग्बी

गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत अंगावरून रक्त जाऊ लागले, की अठराव्या शतकातील युरोपात सुईण आणि शल्यविशारद दोघेही संभ्रमात पडत. वाट पाहिल्यावर काही स्त्रिया सुखरूप बाळंत होत. तशीच वाट पाहताना काही डोळ्यांदेखत दगावत. हा फरक कशामुळे पडतो, याचा उलगडा इंग्लंडमधील नॉर्विचच्या एका तरुण शल्यविशारदाने १७७५ मध्ये एका निबंधात केला. तेव्हा त्याने वयाची अठ्ठावीस वर्षेही पूर्ण केली नव्हती.

एडवर्ड रिग्बी यांचा जन्म १७४७ चा, लँकेशायरमधला. शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली हे त्यांचे शिक्षक. १७६२ मध्ये त्यांनी नॉर्विचमध्ये वैद्यकीची उमेदवारी सुरू केली आणि पुढे तेच गाव त्यांची कर्मभूमी ठरले.

रिग्बींनी रक्तस्रावाचे दोन प्रकार मानले. वार गर्भाशयात नेहमीच्या जागी असून अवेळी सुटली, तर तो 'अपघाती' रक्तस्राव. तो कित्येकदा थांबतो. वार गर्भाशयाच्या मुखावरच असेल, तर मुख उघडू लागताच ती सुटणारच. म्हणून तो 'अटळ'. एरवी सुटका करणाऱ्या कळाच येथे जिवावर उठतात. अशा वेळी हाताने तपासून वार मुखाशी लागली, तर बाळाला आतच पायांकडून वळवून विनाविलंब बाहेर काढावे, असा त्यांचा आग्रह होता. पॅरिसच्या आंद्रे लेव्हरे यांनी वारेचे हे स्थान आधीच ओळखले होते; पण व्यवहारात उपयोगी पडेल असा नियम घालून दिला तो रिग्बींनी.

'अपघाती' हा शब्द मात्र फसवा आहे. वार अवेळी सुटते तेव्हा रक्त आतच साचून बाहेर थोडेच दिसू शकते. पोट सतत दुखते, फळीसारखे कडक होते, बाळाची हालचाल मंदावते. वार खाली असेल, तर बहुधा न दुखता लालभडक रक्त जाते. रक्त थोडे असो वा फार, घरी न थांबता रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठणे, हाच मार्ग. मातेचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास तेही तेथे सांगावे. रिग्बींची हाताने तपासणी आता सोनोग्राफीत वारेची जागा कळेपर्यंत वर्ज्य मानतात. बोटाच्या धक्क्यानेही रक्ताची धार लागू शकते.

रिग्बींचे आयुष्य प्रसूतिगृहापुरते नव्हते. जुलै १७८९ मध्ये, क्रांतीचा भडका उडाला तेव्हा, ते पॅरिसमध्येच होते. नॉर्विचमध्ये देवीची लस रुजवण्यात त्यांचा वाटा होता. १८०५ मध्ये ते तेथील महापौर झाले. १८१७ मध्ये, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांच्या पत्नीला एकाच वेळी चार मुले झाली. नगरपालिकेने कौतुकाने चांदीची भेट दिली. पण तीन महिन्यांच्या आत चारही बाळे गेली.

१८२१ मध्ये रिग्बींचे निधन झाले. निबंधाची सहावी आवृत्ती त्यानंतरच्या वर्षी निघाली. एडवर्ड हेच नाव लावणारा त्यांचा मुलगा पुढे लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेचा पहिला अध्यक्ष झाला.