गॉडझिलाला चालवणारा माणूस

गॉडझिला माहीत नाही असा माणूस आपल्या हॉस्टेलमध्ये सापडणार नाही. कोणी कॉमिक्समध्ये वाचलाय, कोणी रात्री लॅपटॉपवर पाहिलाय. पण १९५४ चा पहिला ब्लॅक अँड व्हाइट गॉडझिला लावला की आपण हसतो. रबरी सूट घातलेला माणूस आणि खेळण्यातली घरं, असं म्हणून मोकळे होतो. आम्हीही हसलो होतो. पण ती घरं ज्यांनी उभी केली त्यांची गोष्ट कळली आणि हसू थांबलं. त्यांचं नाव एइजी त्सुबुराया.

त्सुबुराया यांचा जन्म १९०१ सालचा, जपानमधल्या फुकुशिमा प्रांतातल्या सुकागावा गावातला. तीन वर्षांचे असताना आई गेली. आजीने वाढवलं. १९१० मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा विमान उडालं आणि या मुलाला विमानाचं वेड लागलं. लाकडाची मॉडेल्स बनवण्यात दिवस जायचे. १९१६ साली तो टोकियोजवळ हानेदाच्या फ्लाइंग स्कूलमध्ये दाखल झाला. पण पुढच्याच वर्षी स्कूल चालवणारे शिक्षक विमान अपघातात गेले आणि स्कूल बंद पडलं. पायलट व्हायचं स्वप्न सोळाव्या वर्षीच संपलं.

मग त्याने इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला सुरुवात केली. (इलेक्ट्रिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!) सोबत एका खेळण्यांच्या कंपनीसाठी नवीन खेळणी डिझाइन करायचं कामही होतं. १९१९ च्या सुमारास चेरीच्या बहराच्या दिवसांत एका पार्टीत भांडण झालं. त्सुबुराया मध्ये पडले आणि त्यांनी ते सोडवलं. तिथे योशिरो एदामासा नावाचे सिनेमावाले होते. त्यांना हा मुलगा आवडला आणि त्यांनी त्याला सरळ सिनेमाच्या कामावर बोलावलं. कॅम्पस इंटरव्ह्यू म्हणावा तर असा!

पुढे ते कॅमेरामन झाले. १९३३ चा अमेरिकन 'किंग काँग' पाहून त्यांची झोप उडाली. त्यांनी त्याची प्रिंट मिळवली आणि एकेक फ्रेम तपासत बसले. हे कसं केलं असेल, एवढाच प्रश्न डोक्यात होता.

यानंतरचा भाग मात्र अवघड आहे. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि तोहो स्टुडिओला युद्धाचे सिनेमे काढावे लागले. १९४२ मध्ये पर्ल हार्बरच्या हल्ल्यावर सिनेमा निघाला, त्याचे इफेक्ट्स त्सुबुराया यांचे. नौदलाने धड माहिती दिली नाही, म्हणून वर्तमानपत्रातल्या फोटोंवरून मापं काढून त्यांनी अख्खं बंदर आणि जहाजं मॉडेलमध्ये उभी केली. काम अप्रतिम होतं, सिनेमा तुफान चालला. पण होता तो युद्धाचा प्रचार. विमानवेड्या मुलाची मॉडेल्स आता बॉम्ब टाकत होती. युद्ध हरल्यावर याच सिनेमांमुळे १९४८ मध्ये त्यांच्यावर बंदी आली आणि तोहो सोडावं लागलं. घरीच छोटी लॅब काढून, मिळेल ते काम करत त्यांनी दिवस काढले. पुढे तोहोने त्यांना परत बोलावलं.

१ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते, त्यातला एक सप्टेंबरमध्ये वारला. त्याच वर्षी निर्माते तोमोयुकी तानाका, दिग्दर्शक इशिरो होंडा आणि त्सुबुराया यांनी बॉम्बमुळे जागा झालेला राक्षस पडद्यावर आणायचं ठरवलं. ३ नोव्हेंबरला सिनेमा आला.

किंग काँगसारखं एकेक फ्रेम हलवून शूटिंग करायचं तर वर्षानुवर्षं लागली असती. हातात काही महिनेच होते. म्हणून सूट! पहिला सूट जवळजवळ १०० किलोचा झाला, त्यात धड चालताही येईना. मग हलका बनवला. त्यात हारुओ नाकाजिमा घामाघूम होत चालायचे. शहर १:२५ स्केलचं. म्हणजे ५० मीटरचा गॉडझिला २ मीटरचा झाला.

आता आपल्या फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. ५० मीटरवरून पडणाऱ्या वस्तूला खाली यायला सुमारे ३.२ सेकंद लागतात, २ मीटरवरून फक्त ०.६४. म्हणजे मॉडेल पाचपट लवकर कोसळतं आणि लगेच खेळणं वाटतं. उपाय काय? कॅमेरा जास्त वेगाने चालवायचा आणि फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवायची. मग तीच इमारत सावकाश, जड होऊन कोसळते. आपण ज्याला खेळण्यातली घरं म्हणतो, त्यामागे एवढा हिशोब आहे.

पण खरी गोष्ट हिशोबाची नाही. बारा वर्षांपूर्वी ज्या हातांनी बॉम्ब टाकणं देखणं करून दाखवलं, त्याच हातांनी या वेळी बॉम्बने जळणारं स्वतःचं शहर दाखवलं. थिएटरमध्ये बसलेल्या अनेकांनी तसं टोकियो खरोखर पाहिलेलं होतं. ते हसले नसतील.

१९६३ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९६६ मध्ये टीव्हीवर 'अल्ट्रामॅन' आणला. त्याच वर्षी काझुओ उमेझू यांनी त्याची कॉमिक्सही काढली. राक्षसांच्या मारामारीत रक्त दिसू नये, पोरं घाबरतील, याबद्दल ते आग्रही असायचे. २५ जानेवारी १९७० ला हार्ट अटॅकने ते गेले, तेव्हा ६८ वर्षांचे होते.

त्यांचा राक्षस मात्र थांबला नाही. १९७७ ते १९७९ मध्ये मार्व्हलने गॉडझिलाचे २४ अंक काढले, त्यात तो अ‍ॅव्हेंजर्सशीही भिडला. २०२४ मध्ये 'गॉडझिला मायनस वन'ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. गॉडझिलाचं हे पहिलं ऑस्कर. ते बघायला त्सुबुराया हवे होते.

आपणही इथे चार वर्षं काहीतरी बनवायलाच शिकतोय. ते चालेल की नाही, हे व्हायवाला विचारतात. ते कशासाठी वापरलं जाईल, हे कोणी विचारत नाही. ते आपलं आपणच विचारायचं. पुढच्या वेळी जुना गॉडझिला लावाल तेव्हा हसा जरूर, पण कोसळणाऱ्या इमारतीकडे नीट बघा.