उष्णतेला वाट करून देणारा संगणककार : सेमूर क्रे

टेबलावरील संगणकाचा पंखा घोंघावू लागला, की वेगाची किंमत कानी पडते. ती किंमत कशी चुकवावी, या प्रश्नाने सेमूर क्रे यांची आयुष्यभर पाठ सोडली नाही.

28 सप्टेंबर 1925 रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, चिपेवा फॉल्स या लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. वडील स्थापत्य अभियंता होते. महायुद्धातील सैन्यसेवेनंतर क्रे यांनी मिनेसोटा विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी आणि उपयोजित गणिताचे शिक्षण घेतले. पुढे ‘कंट्रोल डेटा’ कंपनीत त्यांनी घडवलेला ‘6600’ हा संगणक 1964 मध्ये जगात सर्वांत वेगवान ठरला.

विद्युत संकेत एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटरही जात नाही. म्हणून वेग हवा तर तारा आखूड हव्यात. तारा आखूड केल्या, की सुटे भाग दाटीने बसवावे लागतात आणि त्या दाटीत उष्णता कोंडते. अशा ठिकाणी नुसता वाऱ्याचा झोत पुरत नाही. म्हणून ‘6600’ मध्येच शीतकपाटाप्रमाणे फ्रेऑन खेळवण्यात आला.

1972 मध्ये क्रे यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली. तिचा ‘क्रे-1’ 1976 मध्ये लॉस अ‍ॅलामॉसच्या प्रयोगशाळेत पोहोचला. इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकारामुळे त्याच्या आतील तारा आखूड राहिल्या. सुमारे 115 किलोवॅट विजेतून निर्माण होणारी उष्णता तांब्याच्या पत्र्यांतून फ्रेऑनच्या नळ्यांकडे जाई. 1985 च्या ‘क्रे-2’ मध्ये तर सारी मंडले वीजरोधक द्रवातच बुडवलेली होती.

क्रे कंपनीची सर्वांत प्रबळ यंत्रे अमेरिकेच्या निर्यातनिर्बंधांमुळे भारताला मिळेनात. त्यातूनच 1988 मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ उभे राहिले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ साकारला.

क्रे यांना मात्र अखेरीस अपयश आले. ‘क्रे-3’ ला गिऱ्हाईक मिळाले नाही आणि 1995 मध्ये त्यांची दुसरी कंपनी दिवाळखोरीत गेली. सत्तरी गाठलेल्या क्रे यांनी पुन्हा नवा उद्योग मांडला. परंतु मोटार अपघातात जबर जखमी होऊन 5 ऑक्टोबर 1996 रोजी ते निवर्तले.

आजही संगणकाच्या पेटीत पंखे वाढवले तरी, समोरून आलेल्या थंड हवेला तप्त भागांवरून मागे निघून जायला मोकळी वाट नसेल, तर उष्णता आतच घुटमळते. ही वाट यंत्राच्या आराखड्यातच आखावी लागते, हे क्रे यांनी प्रत्यक्ष घडवून दाखवले.